क्वेबेकच्या चर्चच्या वहीत पूर्वजाची नोंद सापडत नाही तेव्हा

शोधायच्या चौकटीत नाव टाकायचं, गाव टाकायचं, अंदाजे साल टाकायचं आणि पडद्यावर एकच ओळ यायची: काही सापडलं नाही. मग साल पाच वर्षं मागेपुढे करायचं, आडनावाचं स्पेलिंग बदलायचं, पुन्हा तेच उत्तर. फ्रेंच-कॅनेडियन घराण्याची मुळं शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. आमच्या घरी ते आठ महिने चाललं होतं.

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन मॉन्ट्रियलला आले. सासूबाई इथल्याच, सात-आठ पिढ्यांच्या क्वेबेकवाल्या. त्यांना आपल्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहायची होती. नुसती माहिती नको होती, ती ओळ डोळ्यांनी पाहायची होती. घरात पिढीजात सांगत आलेले तपशील दोनच: पणजोबा 1858 साली रिव्हिएर-द्यु-लूला जन्मले, आणि तरुणपणी अमेरिकेत लोवेलच्या कापडगिरणीत गेले. यातलं साल चुकीचं निघालं. गावाचं नाव बरोबर होतं, पण आम्ही शोधत होतो ते गाव ते नव्हतं. ते कसं, हे पुढे सांगते.

आता आपल्याही कितीतरी मराठी घरांत क्वेबेकचे जावई आणि सुना आहेत. नातवंडं शाळेतून वंशवृक्षाचा गृहपाठ घेऊन येतात आणि आजी-आजोबा एका बाजूचा वृक्ष भराभर सांगतात, दुसऱ्या बाजूला अडतात. त्यांच्यासाठी हे मराठीत लिहून ठेवते आहे.

नोंद बहुधा असतेच

क्वेबेकच्या कॅथलिक नोंदींबद्दल एक गोष्ट मनात पक्की धरा. जगात फार थोड्या ठिकाणी सामान्य शेतकऱ्यांच्या इतक्या सलग नोंदी टिकल्या आहेत. इथल्या वह्या 1621 पासूनच्या आहेत. त्यातली सुरुवातीची वर्षं 1640 साली क्वेबेक शहरातलं चर्च जळालं तेव्हा गेली, आणि तेव्हाच्या धर्मगुरूंनी लोकांच्या आठवणीवरून ती पुन्हा लिहून काढली. त्यानंतरचा मोठा भाग शाबूत आहे.

यामागचं कारण समजून घेतलं तर शोधाची दिशाच बदलते. फ्रान्समध्ये 1667 साली राजाज्ञा निघाली की प्रत्येक धर्मग्रामानं, म्हणजे पॅरिशनं, नोंदवही दोन प्रतींत ठेवावी. क्वेबेक तेव्हा फ्रान्सची वसाहत होती, म्हणून 1670 च्या दशकाच्या शेवटी हा नियम इथंही लागू झाला. एक प्रत चर्चमध्ये राहायची, दुसरी वर्षअखेर न्यायालयात जमा व्हायची. पुढे राज्य इंग्रजांचं झालं तरी पद्धत तीच राहिली. 1994 च्या 1 जानेवारीला क्वेबेक सरकारनं जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद स्वतःकडे घेतली. तोपर्यंत बहुतेक कॅथलिक कुटुंबांसाठी चर्चची वही हाच सरकारी दाखला होता.

म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न आणि दफन दोनदा लिहिलं गेलं आहे. एका प्रतीवर शाई पसरली असेल, कोपरा उंदरानं खाल्ला असेल किंवा छायाचित्र काढताना पान सुटलं असेल, तरी दुसरी प्रत असते. आणि दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या नसतात. दुसरी बऱ्याचदा नंतर बसून उतरवलेली असते, त्यामुळे एखाद्या प्रतीत धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव वेगळं दिसतं, एखाद्यात आईचं आडनाव राहून जातं. हाती लागलेली नोंद गोंधळाची वाटली की दुसरी प्रत काढून शेजारी ठेवायची. मी आता हे दर वेळी करते, सगळं स्वच्छ वाचता येत असलं तरी.

कुठली प्रत कुठं मिळते तेही सांगते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्वेबेकच्या कॅथलिक वह्यांची छायाचित्रं मोफत आहेत, फक्त खातं उघडावं लागतं. द्रुएँ संग्रह म्हणून जो ओळखला जातो तो गाब्रिएल द्रुएँ यांच्या संस्थेनं 1940 च्या दशकात सूक्ष्मफितीवर उतरवला, आणि तो मुख्यतः न्यायालयातल्या प्रतींचा आहे. तो अँसेस्ट्री आणि जेनेआलोजी क्वेबेक या दोन्ही संकेतस्थळांवर पैसे भरून पाहता येतो. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत अँसेस्ट्री फुकट वापरायला मिळतं, आधी तिथं चौकशी करा. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरही न्यायालयातल्या जुन्या वह्यांची पानं मोफत आहेत. इथली मंडळी या संस्थेला लाडानं 'बाँक' म्हणतात.

थोडक्यात, 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं ते वहीकडून येत नाही, सूचीकडून येतं. सूची कुणीतरी दीडदोनशे वर्षांनी, घाईत, परक्या अक्षरातून वाचून बनवलेली असते. आपण त्या वाचणाऱ्याच्या चुकांत शोधत असतो.

आडनाव: 'ऊर्फ'चा घोळ

सर्वांत जास्त शोध इथं अडकतात. फ्रेंच नोंदीत दोन आडनावांच्या मध्ये डी-आय-टी अशी तीन अक्षरं दिसतात, उच्चार 'दि'. अर्थ सरळ आपला 'ऊर्फ'. अमुक दि तमुक. 1665 साली फ्रान्सहून कारिन्याँ-सालिएर पलटण आली, त्यातले काहीशे शिपाई इथंच राहिले. शिपायांना पलटणीत टोपणनावं असत: लाफ्लर म्हणजे फूल, सान्सूसी म्हणजे निश्चिंत, लाजनेस म्हणजे तारुण्य. ती नावं मुलाबाळांना चिकटली. काहींना गावावरून, काहींना बापाच्या पहिल्या नावावरून, काहींना जमिनीच्या तुकड्यावरून दुसरं नाव पडलं.

आपल्याला यात नवल वाटू नये. बाळाजी विश्वनाथांचं आडनाव भट, पण वंशजांना लोक पेशवे म्हणूनच ओळखतात. कुलकर्णी, देशपांडे, पाटील या आडनावांच्या मागे अशीच जुनी, वेगळी उपनावं आहेत. फरक एवढाच की क्वेबेकमध्ये दोन्ही नावं दोन-तीन पिढ्या एकत्र नांदली आणि मग कुठल्याशा पिढीत एकानं पहिलं ठेवलं, सख्ख्या भावानं दुसरं.

कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे ते पंतप्रधान विल्फ्रिड लोरिए 1841 साली सँ-लँ गावात जन्मले. त्यांच्या घराण्याचा इथला मूळपुरुष फ्राँस्वा कोतिनो दि शाँलोरिए. त्यानं 1676 साली मॉन्ट्रियलला लग्न केलं. कोतिनो पुढे गळून गेलं, शाँलोरिएचं लोरिए झालं. आता कुणी फक्त 'लोरिए' टाकून सतराव्या शतकात शोधायला गेला तर त्याच्या हाती काय लागणार? तसंच सहकारी पतपेढ्यांचे प्रणेते आल्फाँस देजार्दँ: जन्म 1854, लेव्ही गाव, वडील फ्राँस्वा र्वा दि देजार्दँ, आई क्लारिस मिव्हिल दि देशेन. आई आणि वडील दोघांच्याही नावात ऊर्फ! अशा घराच्या नोंदी एका ठिकाणी र्वा खाली, दुसऱ्या ठिकाणी देजार्दँ खाली सूचीत गेलेल्या असतात.

म्हणून पहिला उपाय: आपल्या आडनावाची जोडनावं शोधून काढा. क्वेबेकच्या आडनावांच्या अशा याद्या छापील आणि ऑनलाइन दोन्ही मिळतात. सगळी जोडनावं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकानं स्वतंत्र शोध घ्या.

त्यापुढे स्पेलिंग. धर्मगुरू कानाला ऐकू येईल तसं लिहीत. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ओ' हा आवाज पाच-सहा प्रकारे लिहिता येतो, आणि एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात, लग्नात आणि दफनात तो तीन वेगळ्या प्रकारे लिहिलेला सापडतो. आडनावाची पहिली चार अक्षरं टाका, पुढे तारांकित चिन्ह टाका, बाकीचं यंत्रावर सोडा. सुरुवातीचा मूक 'एच' कधी असतो, कधी नसतो. तोही बदलून पाहा.

आणि अमेरिकेत गेलेल्यांचं तर भाषांतरच झालं. ब्वाव्हेर, म्हणजे हिरवं रान, ग्रीनवुड झाले. र्वा हे किंग झाले, लब्लाँ व्हाइट झाले. कूर्तमाँश, म्हणजे आखूड बाही, यांचं शॉर्टस्लीव्ह झालं. काहींचं नुसतं कानावरून बदललं: आर्शाँबोचं शँबो. आमच्या सासूबाईंच्या पणजोबांची तीन आडनावं निघाली. अमेरिकन जनगणनेत इंग्रजी भाषांतर, लोवेलच्या फ्रेंच पॅरिशमधल्या लग्नाच्या नोंदीत 'ऊर्फ'च्या नंतरचं, आणि बाप्तिस्म्यात 'ऊर्फ'च्या आधीचं. घरात कुणी तिसरं ऐकलेलंही नव्हतं.

पहिलं नाव म्हणजे हाकेचं नाव नव्हे

यात फसू नका. एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक मुलाचं बाप्तिस्म्याचं पहिलं नाव जोसेफ आणि मुलीचं मारी. मग बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी घरात हाक मारायचं नाव. सूची करणाऱ्यानं कधी फक्त पहिलं उचललेलं असतं. म्हणून घरात 'आल्फ्रेद' असलेले आजोबा सूचीत 'जोसेफ' म्हणून बसलेले असतात. पहिल्या नावाची चौकट रिकामी सोडा. आडनाव, पॅरिश आणि आई-वडिलांची नावं टाका. आई-वडिलांच्या चौकटी लोक रिकाम्या सोडतात, खरं तर त्याच सर्वांत उपयोगी.

जुन्या वह्यांत नावं आखडून लिहितात. झाँ-बाप्तिस्तचं जे-एन बी-टी-ई होतं, फ्राँस्वाचं एफ-आर-एस, झेव्हियरचं एक्स आणि बारीक अक्षरं. सूचीत ही तुटकी नावं तशीच्या तशी गेलेली असू शकतात.

आणखी एक शब्द ओळखून ठेवा: 'फ', एफ-ई-यू. अर्थ कैलासवासी. 'फ' अमुक यांचा मुलगा, म्हणजे वडील हयात नाहीत. एका सूचीत मी हा शब्द वडिलांचं नाव म्हणून टाकलेला पाहिला आहे. जणू दिवंगत असणं हेच त्या माणसाचं नाव! मूळ पान उघडलं की क्षणात कळतं.

दोन रिव्हिएर-द्यु-लू

आता आमची मुख्य चूक. सेंट लॉरेन्स नदीच्या काठानं क्वेबेक शहराच्या खाली दूर गेलं की रिव्हिएर-द्यु-लू हे शहर लागतं, तिथली पॅरिश सँ-पात्रिस. नकाशावर हे एकच नाव दिसतं, म्हणून आम्ही सँ-पात्रिसच्या वह्या 1850 ते 1865 पुन्हा पुन्हा चाळल्या. काहीच नाही.

त्या काळात या शहराला लोक फ्रेझरव्हील म्हणत; 1850 पासून 1919 पर्यंत अधिकृत नाव तेच होतं. आणि वरच्या अंगाला, मॉन्ट्रियल आणि त्रोआ-रिव्हिएर यांच्या मधल्या टापूत, आणखी एक रिव्हिएर-द्यु-लू होतं. 'वरचं' आणि 'खालचं' असं म्हणून लोक दोघांत फरक करत. वरच्या गावाला पुढे 1880 च्या आसपास राजकन्या लुईझच्या नावावरून लुईझव्हील म्हणू लागले आणि जुनं नाव नकाशावरून पुसलं गेलं. त्याची पॅरिश सँ-आंत्वान. पणजोबा जन्मले तेव्हा ते गाव रिव्हिएर-द्यु-लूच होतं. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरी घरातल्या तीन पिढ्या दुसऱ्याच गावाकडे बोट दाखवत राहिल्या.

गावाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासा. एक म्हणजे त्या काळातलं नाव. दुसरी म्हणजे पॅरिशचं नाव, कारण वह्या बहुतेक वेळा संताच्या नावानं लावलेल्या असतात आणि लोक गावाच्या नावानं बोलतात. सँ-जोसेफ आणि सँत-मारी नावाच्या पॅरिश क्वेबेकभर विखुरलेल्या आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे पॅरिश कधी सुरू झाली. वसाहत आधी, चर्च नंतर. चर्च नसलेल्या वस्तीतले लोक शेजारच्या जुन्या पॅरिशमध्ये मूल घेऊन जात, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घसरगाडीनं. ज्या साली शोधताय त्या साली वही नसेल तर ती पॅरिश कुठल्या पॅरिशमधून फुटून निघाली ते पाहा आणि त्या मातृ-पॅरिशच्या वह्या काढा. मॉन्ट्रियल शहरात तर 1860 च्या दशकापर्यंत कॅथलिकांची पॅरिश एकच होती, नोत्र-दाम. तिथल्या एका वर्षाच्या नोंदी म्हणजे एखाद्या गावाच्या कित्येक वर्षांच्या.

बाप्तिस्मा सोडा, लग्न धरा

हा सल्ला मला इथल्या ग्रंथालयातल्या एका वयस्क बाईंनी दिला आणि आमचं कोडं त्यावरच सुटलं. बाप्तिस्मा अडला की लग्नाकडे जायचं.

कारण असं की क्वेबेकच्या लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आई-वडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. फ्रेंच पद्धतीत बाईचं आडनाव नोंदीत लग्नानंतरही बदलत नाही. दफनाच्या वेळीसुद्धा ती माहेरच्या नावानं, 'अमक्याची पत्नी' म्हणून लिहिली जाते. लग्नानंतर आडनाव आणि कधी कधी नावही बदलण्याच्या आपल्या रीतीत वाढलेल्या मला हे फार सुखावून गेलं. इथं स्त्रियांच्या बाजूनं मागे जाणं पुरुषांच्या बाजूइतकंच सोपं आहे. आईची आई, तिची आई, तिची आई. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळीत बापाची बाजू पिढ्यान्‌पिढ्या मिळते, आईची साखळी दोन कड्यांत तुटते.

तर आधी लग्न शोधा. लग्नाच्या नोंदीतून आई-वडील कळले की त्यांचं लग्न शोधा, म्हणजे पॅरिश कळते. पॅरिश कळली की त्या जोडप्याची सगळी मुलं त्या वहीत एकामागून एक मिळतात. यासाठी विवाहांच्या सूची फार उपयोगी आहेत. फादर आंतोनँ ल्वाझेल यांनी कार्डांवर केलेली मोठी सूची वर आणि वधू दोघांच्या नावानं लावलेली आहे, आणि तिची छायाचित्रं फॅमिलीसर्चवर मिळतात. सिप्रियँ ताँगे या धर्मगुरूंचा सात खंडांचा वंशकोश 1871 ते 1890 या काळात निघाला. तो सुरुवातीला दिशा दाखवतो, पण त्यात चुका आहेत, म्हणून त्याला पुरावा मानू नका. 1850 च्या आधीच्या काळासाठी मॉन्ट्रियल विद्यापीठात 1966 साली सुरू झालेला ऐतिहासिक लोकसंख्येचा प्रकल्प, पीआरडीएच, माझ्या मते सर्वांत भरवशाचा. त्यांनी सुटी नोंद घेऊन न थांबता कुटुंबं जोडलेली आहेत आणि ऊर्फ नावंही एकत्र बांधली आहेत. वर्गणी आहे, पण अडलेल्या शोधाला ती वसूल होते.

लग्नाच्या नोंदीतले दोन सापळे. वर किंवा वधू विधुर-विधवा असेल तर आई-वडिलांच्या जागी बहुधा फक्त आधीच्या जोडीदाराचं नाव असतं. मग आधीचं लग्न शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि 'सज्ञान' किंवा 'अज्ञान' असा शब्द असतो, त्यावरून वयाचा अंदाज बांधताना लक्षात ठेवा की 1783 च्या आधी सज्ञान म्हणजे 25 वर्षांचा, नंतर 21.

याच नोंदीत कधी नात्याच्या सवलतीचा उल्लेख येतो: अमुक 'देग्रे'च्या रक्तसंबंधाची सूट. आपण सपिंड मोजतो तसं चर्चही समान पूर्वजापासून पिढ्या मोजत असे. दुसरा देग्रे म्हणजे सख्खी चुलत-मामे-आते-मावस भावंडं, तिसरा म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक, चौथा म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी एक. चौथ्यापर्यंत लग्नाला परवानगी लागायची. 1917 च्या चर्चसंहितेनं ती मर्यादा तिसऱ्यावर आणली. हा शब्द दिसला की आनंद माना. दोन घराण्यांच्या रेषा वर कुठं मिळतात ते धर्मगुरूंनी स्वतः सांगून ठेवलं आहे, आणि एका बाजूचा अडलेला धागा दुसऱ्या बाजूनं सोडवता येतो.

आमच्याकडे लोवेलच्या नोंदीत पणजोबांच्या आई-वडिलांची नावं होती. त्या जोडप्याचं लग्न ल्वाझेलच्या कार्डांत सापडलं, 1840 च्या दशकातलं, आणि पॅरिशच्या जागी लिहिलेलं होतं 'सँ-आंत्वान, रिव्हिएर-द्यु-लू'. सँ-आंत्वान! सँ-पात्रिस नव्हे. सासूबाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

मग पानं उलटायची

पॅरिश कळल्यावर शोधाची चौकट बंद करा आणि वही पानापानानं वाचा. भीती वाटते, पण गावातल्या वहीत एका वर्षाच्या नोंदी तासा-दोन तासांत चाळून होतात. बऱ्याच वह्यांत वर्षाच्या शेवटी धर्मगुरूंनी स्वतः केलेली यादी असते, आधी ती पाहा. समासात प्रत्येक नोंदीपुढे नाव असतं आणि त्याआधी एक अक्षर: बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे लग्न, एस म्हणजे दफन. समास वाचत गेलात की पुरे.

फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही, कारण मजकूर ठरीव आहे. बाप्तिस्म्याची नोंद साधारण अशी जाते: अमुक साली, अमुक तारखेला, खाली सही करणाऱ्या आम्ही धर्मगुरूंनी जोसेफ अमुक याला बाप्तिस्मा दिला, जन्म काल, अमुक शेतकरी आणि अमुक यांच्या कायदेशीर विवाहातून, राहणार याच धर्मग्रामातले. धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक. वडिलांसह सर्वांनी सही करता येत नसल्याचं सांगितलं. वीस नोंदी वाचल्या की एकविसावी आपोआप वाचता येते. मूल अशक्त असेल आणि सुईणीनं घरीच पाणी शिंपडून घेतलं असेल तर 'आँद्वाये' हा शब्द येतो. अशी मुलं बऱ्याचदा फक्त दफनाच्या नोंदीत, कधी नावाशिवाय, भेटतात.

तारखांत जपा. सप्टेंबर हा 7 आकडा आणि पुढे बी-आर-ई असा लिहितात, कारण लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. तसंच ऑक्टोबर 8, नोव्हेंबर 9, डिसेंबर रोमन एक्स. सूची करणाऱ्यांनी 7 म्हणजे जुलै धरलेला मी अनेकदा पाहिला आहे. साल शब्दांत असतं आणि फ्रेंच अंक विसांच्या हिशेबात चालतात: 80 म्हणजे चार वीस, 90 म्हणजे चार वीस आणि दहा, 97 म्हणजे चार वीस आणि सतरा. आमच्या गावाकडची आजी वय सांगताना 'चार विसा' म्हणायची, त्यामुळे मला हे लगेच जवळचं वाटलं. पण ओळ संपताना 'चार वीस' आलं आणि 'दहा' पुढच्या ओळीवर गेलं की वाचणारा दहा वर्षांनी चुकतो. पूर्ण साल बोट ठेवून वाचा.

खरंच नसेल तेव्हा

काही वेळा नोंद खरोखर नसते, हे मान्य करायला हवं. अकादीच्या, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशिया भागातल्या, फ्रेंच लोकांना 1755 पासून इंग्रजांनी हाकलून दिलं, त्यात कित्येक वह्या गेल्या. त्यातही ग्राँ-प्रेच्या सँ-शार्ल-दे-मीन पॅरिशच्या 1707 ते 1748 च्या वह्या लोकांनी सोबत नेल्या आणि त्या लुईझियानात जाऊन पोचल्या. त्या आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. घर गेलं, शेतं गेली, बोटीत बसताना या लोकांनी वह्या घेतल्या, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ काहीच वाचू शकले नव्हते. वनवासात धर्मगुरूंशिवाय झालेली लग्नं क्वेबेकला पोचल्यावर चर्चनं रीतसर मान्य करून घेतली, मुलांना सशर्त बाप्तिस्मा दिला. म्हणून अकादी कुटुंबाचं लग्न शोधताना मुलं झाल्यानंतरच्या वर्षांतही पाहा, उदाहरणार्थ लासोंप्सियाँ पॅरिशच्या 1767 च्या आसपासच्या वहीत.

बाप्तिस्म्याची नोंद हरवली असेल तर नोटरीकडचा विवाहकरार पाहा. क्वेबेकमध्ये लग्नाआधी असा करार करण्याची मोठी प्रथा होती आणि त्यातही दोन्हीकडचे आई-वडील येतात. अमेरिकेत गेलेल्या कुटुंबात मधली दोन-तीन मुलं तिकडे जन्मलेली असतात, मग कुटुंब परत येतं, पुन्हा जातं. मधलंच मूल सापडत नसेल तर लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, फॉल रिव्हर इथल्या फ्रेंच पॅरिश पाहा.

विसाव्या शतकातल्या, विशेषतः अलीकडच्या, नोंदींचं वेगळं आहे. हयात माणसांच्या खाजगीपणामुळे त्या सहज दिसत नाहीत आणि सरकारकडे रीतसर अर्ज करावा लागतो. लहान चर्चं बंद पडून किंवा एकमेकांत विलीन होऊन वह्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात गेल्या आहेत. पत्र लिहिताना फ्रेंचमध्ये, थोडक्यात, एकाच नोंदीबद्दल लिहा, आणि उत्तराला वेळ द्या; तिथं बऱ्याचदा एखादी व्यक्तीच हे काम पाहत असते.

मिळाली की लगेच थांबू नका

सँ-आंत्वानच्या वहीत आम्ही 1858 च्या बरीच वर्षं आधीपासून पुढे वाचत आलो. 1856 च्या पानांत नाव सापडलं: तेच आई-वडील, 'ऊर्फ'च्या आधीचं आडनाव, जोसेफ आणि मग पणजोबांचं हाकेचं नाव. सासूबाई रडल्या. मी छापील प्रत काढायला निघाले होते.

पण ग्रंथालयातल्या त्या बाईंनी सांगितलं होतं की पुढची दोन वर्षं नेहमी वाचायची, दफनांसकट. आम्ही वाचली. अकरा दिवसांनी त्याच नावाचं दफन. आणि 1857 च्या शरदात, आकडा 9 आणि पुढे बी-आर-ई, पुन्हा त्याच आई-वडिलांचा मुलगा, पुन्हा जोसेफ, पुन्हा तेच हाकेचं नाव. गेलेल्या बाळाचं नाव पुढच्याला देण्याची तेव्हा रीत होती. लोवेलला गेलेले पणजोबा हे दुसरे. दोन्ही नोंदींत वडिलांना सही करता येत नव्हती. धर्ममाता मात्र दोन्ही वेळा एकच होती, आईची बहीण, आणि तिनं दुसऱ्या नोंदीखाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं होतं.

सासूबाईंनी दोन्ही पानांच्या प्रती मागितल्या. भिंतीवरच्या वंशवृक्षात आता त्या फांदीवर एकाच नावाची दोन पानं आहेत, एकाखाली अकरा दिवस लिहिलेले, आणि त्या मावशीचं नाव बाजूला, तिच्या सहीसकट.